फॉर्मची पायरी कागद पाहून तोडा

तीस-पस्तीस रकान्यांचा फॉर्म एका पानावर मावत नाही, म्हणून त्याचे पाच तुकडे करायचे, प्रत्येकाखाली ‘पुढे जा’चं बटण लावायचं आणि वर एक ते पाच असे गोल काढायचे. मल्टी-स्टेप फॉर्म बहुतेक ठिकाणी असाच बनतो. भरणारा एकटा असेल, सगळे कागद हाताशी असतील, नेट धड असेल, तर तो चालूनही जातो. यवतमाळ-वाशीमकडच्या एखाद्या गावात मात्र तोच फॉर्म दोन-तीन बैठकांत भरला जातो. भरतो सेतू केंद्रावरचा ऑपरेटर, माहिती सांगतात बाजूच्या स्टुलावर बसलेले काका, आणि ओटीपी ज्या मोबाइलवर येणार तो पोरासोबत पुण्याला गेलेला असतो. मधेच लाइन जाते ती वेगळीच.

अशा फॉर्मसाठी माझा नियम एकच आहे. माणसाला जिथे उठावं लागतं, तिथे पायरी तोडायची. रकाने किती झाले आणि स्क्रीन किती लांब झाली ते नंतर बघता येतं.

उदाहरणाला शेतकरी उत्पादक कंपनीची सोयाबीन-तूर खरेदीची नोंदणी घेऊ. कागद लागतात चार: आधार, सातबारा, आठ-अ आणि पासबुक. म्हणून पायऱ्या अशा पडतात: ओळख, जमीन, पेरा, बँक खातं आणि शेवटी तपासणी. पेरा सातबाऱ्यावरच असतो, मग त्याची पायरी वेगळी कशाला? कारण ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल अ‍ॅपवरची पिकाची नोंद, झाली नसेल तर नमुना बारावर (सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात) पीकच दिसत नाही आणि त्यासाठी शेतात जाऊन यावं लागतं. जमिनीची पायरी पूर्ण, पेऱ्याची अर्धी, अशी अवस्था फॉर्मला समजली पाहिजे. प्रत्येक पायरीच्या मथळ्यात कागदाचं नाव लिहा: ‘सातबारा हातात घ्या’. पहिल्या पायरीच्या आधी एक पान फक्त कागदांच्या यादीचं ठेवा, त्यात झेरॉक्स चालेल की मूळ प्रत लागेल हेही सांगा. निम्मे फेरे इथेच वाचतात.

ओटीपी हा पाचवा कागद समजा. बहुतेक फॉर्म तो पहिल्याच पायरीवर मागतात आणि तिथेच दार बंद करतात. मोबाइलची पडताळणी रस्त्यातून बाजूला काढा. मसुदा ओटीपीशिवाय भरू द्या आणि अंतिम सादर करण्याआधी कधीही पडताळणी होऊ द्या. तोवर मसुदा ऑपरेटरच्या लॉगिनला बांधलेला राहील. टॉवर कमजोर असला की एसएमएस उशिरा येतो, माणूस ‘पुन्हा पाठवा’ दाबतो, नवा कोड तयार होतो आणि तेवढ्यात जुना कोड हातात पडतो. तो टाकला की ‘चुकीचा ओटीपी’. उपाय सोपा आहे: १० मिनिटांच्या मुदतीत ‘पुन्हा पाठवा’ दाबलं तर तोच कोड पुन्हा पाठवा, आणि चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा ठेवा.

जमिनीची पायरी

सगळा घोळ इथे असतो, म्हणून वेळही इथेच घालवा.

राहण्याचं गाव आणि शेताचं गाव एकच असेल असं धरू नका. विदर्भात रिठी गावं भरपूर आहेत. तिथे आज घर नाही, माणूस नाही, पण महसुली दप्तरात मौजा आहे आणि जमीन त्याच नावावर निघते. लोकसंख्या असलेल्या गावांचीच यादी ड्रॉपडाउनमध्ये घातली तर अशा शेतकऱ्याला आपलं शेत सापडतच नाही, मग ऑपरेटर जवळचं काहीतरी निवडून पुढे जातो. एकाच तालुक्यात बुद्रुक आणि खुर्द अशी जोडगावं असतात, म्हणून डेटाबेसमध्ये गावाचं नाव साठवू नका, सरकारी गाव-कोड साठवा. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांची सगळी गावं एकदम डाउनलोड करायची गरज नाही. तालुका निवडल्यावर त्या तालुक्याचीच यादी आणा. नंतर कोणी तालुका बदलला तर निवडलेलं गाव गुपचूप पुसू नका, ‘तालुका बदलल्यामुळे गाव पुन्हा निवडा’ असं लिहून पुसा.

गट नंबर, सर्व्हे नंबर किंवा नागपूरकडे ज्याला खसरा म्हणतात तो, ही संख्या नाही. ‘४५/२/अ’ असाही तो असतो. मजकूर म्हणूनच घ्या आणि मजकूर म्हणूनच ठेवा. नोंदणी संपल्यावर हीच यादी कोणीतरी सीएसव्ही करून एक्सेलमध्ये उघडतो आणि ‘१२/१’ या गटाची तारीख होऊन बसते. म्हणून एक्स्पोर्ट एक्सेलच्याच फाइलमध्ये द्या आणि त्या रकान्याचा प्रकार मजकूर ठेवा.

क्षेत्रफळाला एकच रकाना दिला तर फसवणूक ठरलेली. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, बोलण्यात एकर असतो. कोणी ‘१.५’ लिहिलं तर ते १ हेक्टर ५० आर की १ हेक्टर ५ आर? दशांश चिन्ह मानलं तर पहिलं, कागदावरून उतरवताना मधलं शून्य सुटलं असेल तर दुसरं, आणि एकरात सांगितलं असेल तर दोन्ही नाही. दोन वेगळे रकाने द्या: हेक्टर, आणि ० ते ९९ मधला आर. खाली लगेच दाखवा: ‘म्हणजे सुमारे २.९७ एकर’. १ एकर म्हणजे ०.४०४७ हेक्टर, म्हणून १ हेक्टर २० आर टाकले की हा आकडा येतो. काकांना हेक्टर कळो न कळो, ‘तीन एकर’ ऐकलं की ते लगेच ‘बरोबर’ किंवा ‘नाही बाप्पा’ म्हणतात. याच्याइतकी चांगली तपासणी कोणत्याही कोडमध्ये नाही.

पोटखराब्याचं, म्हणजे लागवडीला न येणारं, क्षेत्र वेगळं घ्या. आणि पेऱ्याच्या पायरीवर ‘पिकांची बेरीज जमिनीपेक्षा जास्त नको’ हा नियम लावायच्या आधी थांबा. आपल्याकडे सोयाबीनमध्ये तूर, कपाशीत तूर हे नेहमीचं आहे. एकाच दोन एकरांत दोन पिकं असतात आणि दोन्ही दोन-दोन एकर म्हणून सांगितली जातात. साध्या बेरजेचा नियम प्रामाणिक माणसाला अडवतो. पिकाशेजारी ‘सलग की आंतरपीक’ विचारा, बेरीज फक्त सलग पिकांची करा. आंतरपिकाचं क्षेत्र त्या गटाच्या लागवडीयोग्य क्षेत्राशी वेगळं ताडून पाहा.

एकापेक्षा जास्त सातबारे असतातच, म्हणून ‘अजून एक गट जोडा’ लागतं. प्रत्येक गटाच्या नोंदीला स्वतःचा ओळख-क्रमांक द्या. यादीतल्या स्थानावर विसंबलात आणि मधला गट काढला, की तिसऱ्या गटाचा फोटो दुसऱ्याला चिकटतो.

अंक आणि अक्षरं

मराठी कीबोर्डवर माणूस ‘९८’ देवनागरीत टाकतो आणि जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकूर तपासायच्या साच्यातला) बॅकस्लॅश-डी त्याला अंक मानत नाही. ‘मोबाइल नंबर चुकीचा’ असा संदेश येतो आणि बिचारा तोच नंबर तीनदा तपासतो. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, इंग्रजी शून्याचा ४८. हा २३५८ चा फरक दहाही अंकांना सारखा आहे. तपासणीच्या आधी वजा करा, विषय संपला.

नंबर प्रकारचा इनपुट टाळा. माउसचं चाक फिरलं की आकडा बदलतो, मधे इंग्रजी ‘ई’ अक्षर चालतं, आणि मूल्य संख्येत बदललं की सुरुवातीची शून्यं जातात. मजकुराचा इनपुट ठेवून इनपुटमोड न्यूमरिक द्या, मोबाइलवर अंकांचाच कीबोर्ड उघडतो. बँक खात्याचे आकडे तर संख्या म्हणून कुठेच धरू नका. जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच पूर्णांक खात्रीने सांभाळते, म्हणजे १६ आकडे. आपल्याकडची खाती १८ आकड्यांपर्यंत जातात. शेवटचे आकडे बदलतात, कुठेही एरर येत नाही, आणि पैसे परत आल्यावर शोधाशोध सुरू होते.

आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड, ११ अक्षरी असतो: पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. पाचव्या जागी इंग्रजी ओ आला तर दरडावू नका, स्वतःच शून्य करा. १ मे २०२५ ला विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, पण लोकांच्या कपाटातलं पासबुक जुनंच आहे. बँकेच्या यादीत जुनं नाव टाइप केलं तरी नवी बँक समोर आली पाहिजे आणि ‘नवीन पासबुकावरून किंवा शाखेतून कोडची खात्री करून घ्या’ अशी ओळ दिसली पाहिजे.

मराठी नावांत एक खास वऱ्हाडी खोच आहे. ‘वऱ्हाडे’ किंवा ‘कुऱ्हा’ यातलं ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. एकसारखी दिसणारी अक्षरं एका रूपात आणणारं युनिकोडचं नेहमीचं एनएफसी नॉर्मलायझेशन केलं तरी हे दोन एक होत नाहीत. साठवताना दुसरा प्रकार पहिल्यात बदलून घ्या, नाहीतर एकाच माणसाच्या दोन नोंदी होतील आणि शोधल्यावर एकच सापडेल.

आधारवरचं नाव, सातबाऱ्यावरचं नाव आणि पासबुकावरचं नाव तंतोतंत जुळेल ही आशा सोडा. तिन्ही पायऱ्यांवर ‘या कागदावर जसं आहे तसं’ नाव घ्या, फरक असेल तर खूण करून कार्यालयातल्या माणसापुढे ठेवा. फॉर्मने तिथे निकाल द्यायचा नाही. आणि आधारचे बाराही आकडे खरंच हवेत का, हे कंपनीला एकदा विचारा. पुष्कळदा शेवटचे चार पुरतात. पूर्ण घ्यायचेच असतील तर व्हेरहॉफ पद्धतीने शेवटचा आकडा ताडा. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर ती हमखास पकडते.

मसुदा कुठे राहतो

‘पुढे जा’ दाबल्यावरच साठवणं हे अर्धं काम झालं. रकाना सोडताना आणि टाइप करणं थांबून सेकंदभर झाल्यावर साठवा. ब्राउझरमध्ये लगेच, सर्व्हरवर नेट मिळेल तसं. लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात, लिहिलेलं डिस्कवर जायला काही सेकंद लागू शकतात, त्यामुळे यूपीएस नसलेल्या संगणकाची लाइन गेली तर शेवटचा रकाना जाऊ शकतो. सर्व्हरची प्रत त्यासाठीच. मोबाइलवर पान बंद होतानाच्या बिफोरअनलोड या इव्हेंटवर भरवसा ठेवू नका, तो पुष्कळदा चालतच नाही. पान नजरेआड होतानाचा व्हिजिबिलिटीचेंज धरा.

फोटोची गोष्ट नीट समजून घ्या. सातबाऱ्याचा फोटो काढायला बटण दाबलं की कॅमेरा उघडतो. २ जीबी रॅमच्या फोनवर कॅमेऱ्याला जागा करून देण्यासाठी अँड्रॉइड कधीकधी मागचा ब्राउझर बंद करतो. तसं झालं तर फोटो काढून परत आलं की पान नव्याने लोड होतं: पहिली पायरी, सगळे रकाने रिकामे. ऑपरेटर याला ‘साइट हँग होते’ म्हणतो. म्हणून फोटोचं बटण दाबताच, कॅमेरा उघडण्याआधी, सगळं साठवा. पायरी पानाच्या पत्त्यातच असू द्या, आणि पान उघडताना मसुदा सापडला तर विचारत न बसता तिथूनच सुरू करा.

फोटो मूळ आकारात पाठवू नका. ४ एमबीचा फोटो १०० केबीपीएसच्या नेटवर ३२० सेकंद घेतो. ब्राउझरच्या कॅनव्हासवर (चित्र नव्याने काढायच्या जागेवर) लांब बाजू १६०० पिक्सेल करून जेपीईजी ०.७ दर्जाने बनवला की तो साधारण ३०० केबीच्या आसपास येतो आणि २४ सेकंदांत जातो. ए-फोर कागद पूर्ण चौकटीत असेल तर इंचाला सुमारे १३७ पिक्सेल पडतात, सातबाऱ्याची अक्षरं वाचता येतात. त्याखाली जाऊ नका. कॅनव्हासमधून गेल्यामुळे फोटोतली जीपीएसची माहितीही गळून पडते. फोटो निवडल्याबरोबर मागच्या मागे पाठवायला लागा, शेवटच्या बटणासाठी साचवू नका. नेट नसेल तर तो इंडेक्स्डडीबी या ब्राउझरमधल्या डेटाबेसमध्ये ठेवा. लोकलस्टोरेज साधारण ५ एमबीत संपतं आणि त्यात फक्त मजकूर बसतो.

सेतूवरचा संगणक सगळ्या गावाचा असतो. तिथे आधार आणि खाते नंबर ब्राउझरमध्ये ठेवणं म्हणजे पुढच्या माणसाला ते दाखवणं. ‘केंद्रावरून भरतो’ आणि ‘स्वतः भरतो’ असे दोन प्रकार सुरुवातीलाच करा. पहिल्यात संवेदनशील रकाने सर्व्हरवरच आणि फॉर्म बंद होताच ब्राउझर कोरा. मसुद्याला आठ आकडी क्रमांक द्या, चार-चार आकड्यांत तोडून छापा, म्हणजे फोनवर सांगता येतो. अक्षरं घालू नका. नुसत्या क्रमांकावर मसुदा उघडता कामा नये, सोबत ऑपरेटरचं लॉगिन किंवा ओटीपी हवाच. मसुदा ३० दिवस ठेवा आणि ‘अमुक तारखेपर्यंत राहील’ हे स्क्रीनवर लिहा. २० मिनिटांचं सेशन बँकेच्या साइटला शोभतं. पटवारी भेटायला त्याहून जास्त वेळ लागतो.

पुढची पायरी कोणती

पायरीला क्रमांक देऊन ‘अधिक एक’ करत गेलात की पहिल्याच फाट्यावर अडकाल. जमीन स्वतःची असेल तर एक रस्ता, सामायिक असेल तर सहहिस्सेदारांची संमती, ठेक्याने केली असेल तर करारपत्र. पुढची पायरी आतापर्यंतच्या उत्तरांवरून दर वेळी काढणारं एकच फंक्शन लिहा आणि तेच ब्राउझरमध्ये व सर्व्हरवर वापरा. उत्तर बदलल्यावर निरुपयोगी झालेली माहिती लगेच पुसू नका. चुकून ‘ठेका’ दाबून परत ‘स्वतःची’ केलं तर मागचं जागेवर दिसलं पाहिजे. अंतिम सादर करताना मात्र रस्त्यात नसलेल्या पायऱ्या गाळा. फाटे असल्यावर ‘पाचपैकी तिसरी’ हा आकडा मधेच बदलतो आणि लोक बिचकतात. त्यापेक्षा कागदांची नावं आणि प्रत्येकापुढे ‘झालं’, ‘अर्धं’, ‘बाकी’ एवढंच दाखवा. फोनचं मागे जायचं बटण मागच्या पायरीवरच गेलं पाहिजे, म्हणजे प्रत्येक पायरीची ब्राउझरच्या हिस्टरीत नोंद करा. पायरी बदलली की फोकस मथळ्यावर न्या.

तपासणीचे नियम दोन थरांत ठेवा. मसुदा साठवताना सैल: अर्धवट, रिकामं, सगळं चालेल. सादर करताना कडक, आणि तेव्हा सर्व्हरने सगळा फॉर्म पहिल्यापासून तपासायचा, ब्राउझरने ‘ठीक’ म्हटलं म्हणून सोडायचं नाही. मसुद्यासोबत फॉर्मच्या आवृत्तीचा क्रमांकही साठवा. हंगामाच्या मधे एखादा रकाना वाढला की जुने मसुदे त्याच जागी अडतात, आणि कोणत्या पायरीवर परत न्यायचं ते या क्रमांकावरूनच कळतं.

शेवटच्या पानावर सगळं मराठीत, मोठ्या अक्षरात, कारण ऑपरेटर ते काकांना वाचून दाखवतो. प्रत्येक पायरीच्या माहितीशेजारी ‘बदला’, आणि बदल झाला की परत इथेच. पाचही पायऱ्या पुन्हा चालायला लावू नका. सादर करताना विनंती सर्व्हरला पोचते, पण उत्तर वाटेत हरवतं, हे इकडे रोजचं आहे. ऑपरेटर पुन्हा दाबणारच. बटण निष्क्रिय करून भागत नाही, कारण तो पान रिफ्रेश करतो. मसुदा तयार होतानाच एक अद्वितीय की (ओळख-क्रमांक) द्या, डेटाबेसमध्ये तिच्यावर युनिक बंधन घाला, म्हणजे तीच की दोनदा नोंदली जाणार नाही, आणि तीच की दुसऱ्यांदा आली तर एरर न देता पहिलीच पावती परत द्या.

फॉर्म देण्याआधी क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेट मंद करून भरा, सादर करण्याच्या क्षणी ऑफलाइन करा, डिस्कार्ड्सच्या पानावरून (chrome://discards) टॅब मारून पुन्हा उघडा, आणि एक फॉर्म पूर्ण मराठी कीबोर्डने भरा.

एक प्रश्न कोडने सुटत नाही. शेवटच्या तारखेला रात्री ११.५० वाजता मसुदा पूर्ण आहे, फोटो अजून चढतोय, आणि १२ वाजले. ती नोंदणी धरायची का? हे प्रोग्रामरने मनाने ठरवू नये. कंपनीच्या संचालकांकडून आधीच लेखी घ्या, तो नियम पहिल्या पानावर छापा, आणि वेळ मोजताना सर्व्हरचं घड्याळ धरा, सेतूवरच्या संगणकाचं नको.